स्थलांतराचा आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवी पूर्ण करून स्थलांतर या विषयात पुढे शिकू पाहणारे विद्यार्थी, आणि त्यांच्याइतकेच त्यांचे पालक, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, तर काही दोन-चार वाक्यांत संपली आहेत.

या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात?

माणसे गाव का सोडतात, कोणाच्या ओळखीने आणि कोणाच्या पैशाने निघतात, पोहोचल्यावर त्यांचे काय होते, मागे राहिलेल्यांचे काय होते आणि कायदा, बाजार, शासन यांनी या जाण्याला कोणते वळण लावले, हे शिकवतात. साधारणपणे आधी सिद्धान्त आणि संशोधनपद्धती, त्यानंतर कायदा व धोरण आणि आवडीचे निवडक विषय, आणि शेवटी प्रबंध अशी रचना असते. निवडक विषयांत निर्वासितांचे हक्क, शहरीकरण, श्रमबाजार, परदेशस्थ समाज, घरी पाठवलेला पैसा, हवामानबदल व विस्थापन हे विषय बहुतेक ठिकाणी आढळतात.

या विषयाला सुरुवातीपासूनच स्वतःचे घर नव्हते. १८८५ साली रॅव्हनस्टाइन या भूगोलज्ञाने ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेतील जन्मस्थानाच्या नोंदी चाळून ‘स्थलांतराचे नियम’ मांडले आणि ते प्रसिद्ध झाले संख्याशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात. बहुतेक माणसे जवळच्याच ठिकाणी जातात, प्रत्येक लोंढ्याला उलट दिशेचा लोंढा असतो आणि कमी अंतराच्या स्थलांतरात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते, ही त्याची निरीक्षणे आजही पहिल्या आठवड्यात शिकवली जातात.

‘स्थलांतर’ आणि ‘गतिशीलता’ हे दोन वेगळे शब्द कशासाठी?

स्थलांतर म्हटले की एक ठिकाण सुटले आणि दुसरे धरले असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात पुष्कळ माणसांचे दोन्हीकडे पाय असतात. कोकणातला चाकरमानी चाळीस वर्षे मुंबईत राहतो, त्याचे रेशनकार्ड आणि मुलांची शाळा मुंबईत असते, पण गणपती मात्र गावच्या घरात बसतो आणि शिमग्यालाही त्याचे पाय तिकडेच वळतात. गोव्यातल्या गावांनी मुंबईत उभ्या केलेल्या ‘कूड’ या सामायिक निवासांत बोटीवर काम करणारे खलाशी दोन सफरींच्या मध्ये येऊन राहत आणि पुन्हा बोट लागली की आपली पेटी तिथेच ठेवून निघून जात. या खलाशाचे राहण्याचे ठिकाण कोणते मानायचे? गाव, मुंबई की बोट? असे प्रश्न ‘स्थलांतर’ या शब्दात मावत नाहीत, म्हणून ये-जा, फेऱ्या, परतणे, अडकून पडणे या सगळ्यांना सामावणारा ‘गतिशीलता’ हा शब्द अभ्यासकांनी घेतला. मराठीत तो अजून थोडा परका वाटतो आणि तांत्रिक लेखनाबाहेर तो वापरण्याची सक्ती कोणी करू नये.

एखाद्या एकाच विषयात एम.ए. करून स्थलांतराचा अभ्यास करता येणार नाही का?

करता येईल, आणि कित्येकांनी उत्तम केला आहे. तरीही आंतरविद्याशाखीय अभ्यास का लागतो, हे एका उदाहरणावरून पाहू.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या भागांतील कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. हंगामाआधी मुकादम त्यांना ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि पुढचे काही महिने तोडलेल्या उसाच्या टनावर ती फेडली जाते. फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात मजुरीशी बांधलेले कर्ज दिसते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला पर्जन्यछायेचा पट्टा आणि बागायती पट्टा दिसतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला जे दिसते ते या दोघांच्याही लक्षात येणार नाही : १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा (पुढे २०२० च्या श्रमसंहितेत सामावून घेतलेला) राज्याची सीमा ओलांडणाऱ्या कामगारांसाठी होता. म्हणजे तोच मुकादम, तीच टोळी आणि तोच कोयता बीडहून सांगलीला गेला तर हा कायदा लागू नसे, आणि तिथून थोडे पुढे बेळगाव जिल्ह्यात गेला तर लागू असे. स्त्री-अभ्यासाच्या विद्यार्थिनीला दिसते की ‘कोयता’ हे एकक जोडीचे असल्यामुळे हिशेबाच्या वहीत बाईच्या श्रमाला स्वतंत्र रकाना नाही, आणि कोयता पुरा व्हावा म्हणून लग्ने लवकर उरकली जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे गेला. तो आरोग्याचा म्हणावा, श्रमाचा म्हणावा की कर्जाचा? शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी हंगामी वसतिगृहांची आणि हंगामात रिकाम्या पडणाऱ्या पटाची चौकशी करील.

यांतला प्रत्येक जण खरे तेच सांगतो, पण प्रत्येकाच्या प्रश्नातून कोणीतरी सुटते. आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणजे आपल्या प्रश्नातून कोण सुटले हे ओळखण्याचा सराव. पाच विषयांचे थोडे थोडे वाचून ती दृष्टी येत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

स्थलांतरित कोणाला म्हणायचे याचे नियम ठरलेले असतील ना?

ठरलेले आहेत, पण ते एक नाहीत, आणि पहिल्या सत्रातला बराच गोंधळ येथूनच सुरू होतो. भारताच्या जनगणनेत दोन कसोट्या आहेत. एक जन्मस्थानाची, जी जुनी आहे. दुसरी आधीच्या वास्तव्याच्या ठिकाणाची, जी १९७१ पासून विचारली जाऊ लागली. स्थलांतराचे कारण त्यानंतर, १९८१ पासून विचारले जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीत सलग सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ जिथे वास्तव्य झाले ते नेहमीचे ठिकाण मानतात. आणि २००७-०८ च्या फेरीत कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेल्यांची अल्पकालीन स्थलांतरित अशी वेगळी नोंद घेतली गेली.

आता वरचा कोयता या कसोट्यांना लावून पाहा. हंगाम पाच महिन्यांत आटोपला तर ती जोडी अल्पकालीन स्थलांतरित. ऊस जास्त असल्यामुळे हंगाम लांबला तर ती त्या व्याख्येच्या कडेवर येऊन उभी राहते. २०११ ची लोकसंख्या-मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली, म्हणजे ऐन तोडीच्या हंगामात, तेव्हा ती माणसे गावात नव्हती, फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, होती. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तोही हंगामातच येतो. गावच्या आणि कारखान्याच्या परिसरातील आकड्यांची तुलना करणाऱ्याने ही तारीख विसरली तर त्याचा निष्कर्ष फसलाच म्हणून समजावे.

शिवाय, ज्याची मोजणी चालली आहे तो स्वतःला काय म्हणवतो हाही प्रश्न आहे. कोपीपुढे भाकऱ्या थापणाऱ्या बाईला ‘आपण स्थलांतरित आहात का?’ असे विचारले तर ती म्हणेल, ‘नाही बा, आम्ही तोडीला आलोय, पाडव्याला माघारी जाणार.’ प्रश्नावलीत तिचे उत्तर ‘नाही’ असे भरले तर दोष तिचा नाही.

लग्न होऊन सासरी गेलेली स्त्रीसुद्धा स्थलांतरित का?

होय, आणि भारतातील स्थलांतरितांत सर्वांत मोठा गट तिचाच आहे. जुलै २०२० ते जून २०२१ या काळातील नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार देशातील २८.९ टक्के लोक स्थलांतरित होते. पुरुषांत हे प्रमाण १०.७ टक्के, तर स्त्रियांत ४७.९ टक्के. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांनी लग्न हे कारण दिले. माहेर-सासर हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलेला आहे की त्यात स्थलांतर आहे हे जाणवतही नाही. याची दुसरी बाजू अशी की, लग्न करून पिंपरीला आलेली आणि महिन्याभरात कारखान्यात कामाला लागलेली मुलगीही कागदावर ‘विवाह’ याच कारणाखाली राहते, कारण विचारणा घर सोडतानाच्या कारणाची असते. कामासाठी बाहेर पडणाऱ्या स्त्रियांचे आकडे कमी दिसतात त्यामागे हे एक कारण आहे.

कोणत्या विषयाची पदवी असावी लागते?

बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची चालते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, इतिहास, समाजकार्य आणि कायदा येथून विद्यार्थी येतात. अभियांत्रिकी आणि वैद्यक झालेलेही येतात आणि चांगले काम करतात. भाषेचा पदवीधर असल्यामुळे कमीपणा मानण्याचे कारण नाही. जुने दप्तर वाचायचे असेल तर मोडी येणारा विद्यार्थी वर्गात एखादाच असतो.

मला गणित जमत नाही. संख्याशास्त्र टाळता येईल का?

पूर्णपणे टाळता येणार नाही. प्रबंध मुलाखतींवर आधारलेला असला तरी जनगणनेचे तक्ते, दर आणि प्रमाण यांतला फरक, नमुना कसा निवडला जातो हे समजावे लागते. पण लागणारे गणित बहुधा बारावीच्या पलीकडचे नसते. खरी गरज असते ती आकडा कुठून आला हे विचारण्याच्या सवयीची. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत राज्याराज्यांमधील कामगारांच्या ये-जाचा अंदाज रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांच्या आकडेवारीवरून बांधला गेला आणि तो वर्षाला सुमारे ९० लाख निघाला. जनगणनेला जे दिसत नाही ते तिकीटखिडकीवर दिसावे, ही कल्पना सुचायला मोठे गणित लागले नाही. मात्र अनारक्षित डब्यातला प्रत्येक जण कामालाच चालला आहे का, हेही विचारलेच पाहिजे.

भारतात हा अभ्यास कोठे करता येईल?

‘स्थलांतर’ एवढ्या एकाच नावाची पदव्युत्तर पदवी भारतात फार थोड्या ठिकाणी मिळते. बहुतेकांना लोकसंख्याशास्त्र, विकास-अभ्यास, भूगोल किंवा समाजकार्य यांत प्रवेश घेऊन प्रबंधातून हा विषय घ्यावा लागतो. मुंबईत देवनारला दोन संस्था एकमेकींच्या शेजारी म्हणाव्यात इतक्या जवळ आहेत : १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि १९३६ पासूनची टाटा समाजविज्ञान संस्था. पहिलीत आकड्यांचा पाया पक्का होतो, दुसरीत कामगार, वस्ती आणि धोरण यांची समज येते. हैदराबाद विद्यापीठात आणि गुजरात केंद्रीय विद्यापीठात परदेशस्थ भारतीय समाजाच्या अभ्यासाची केंद्रे आहेत. सक्तीच्या स्थलांतरावर कोलकात्याच्या महानिर्वाण कलकत्ता रिसर्च ग्रुपने दीर्घकाळ काम केले आहे.

तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा उल्लेख वेगळा करायला हवा. १९९८ पासून सुमारे दर पाच वर्षांनी तेथील अभ्यासकांनी केरळ स्थलांतर पाहणी घरोघर जाऊन केली, आणि त्यामुळे कोणत्या तालुक्यातून कोण कुठे गेले, किती परतले, पैसा कशावर खर्च झाला याची सलग मालिका तयार झाली. महाराष्ट्राकडे अशी मालिका नाही, ही खंत आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या खासगी पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळच्या १९.७ टक्क्यांहूनही अधिक होता. तो पैसा कोणाच्या घरी पोहोचतो याचे उत्तर मात्र बँकेच्या आकड्यात मिळत नाही.

आणि परदेशात?

ऑक्सफर्डला स्थलांतर-अभ्यास आणि निर्वासित व सक्तीचे स्थलांतर असे दोन वेगळे एम.एस्सी. अभ्यासक्रम आहेत, दोन्ही नऊ महिन्यांचे. तेथील निर्वासित-अभ्यास केंद्र १९८२ पासूनचे आहे. ससेक्स, जर्मनीतील ओस्नाब्रुक, जोहान्सबर्गचे विटवॉटर्सरँड, कैरोचे अमेरिकन विद्यापीठ येथील केंद्रेही नावाजलेली आहेत. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा दोन वर्षांचा, युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेतला अभ्यासक्रम युरोप आणि आफ्रिकेतील विद्यापीठे मिळून शिकवतात. युरोप-अमेरिकेतील वर्गांत ‘स्थलांतर’ म्हणजे जणू फक्त सीमा ओलांडणे असे गृहीत धरले जाते. जोहान्सबर्ग किंवा कैरो निवडणाऱ्याला ही अडचण कमी भासेल, असे माझे मत आहे.

जाता जाता एक गंमत. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणे बारा महिने दुसऱ्या देशात राहणारा दीर्घकालीन स्थलांतरित ठरतो. म्हणजे ओल्डेनबुर्गला गेलेली नाशिकची मुलगी स्थलांतरित, आणि नऊ महिन्यांसाठी ऑक्सफर्डला गेलेला तिचा वर्गमित्र त्या व्याख्येत बसत नाही.

निर्वासित आणि स्थलांतरित यांत कायद्याने काय फरक आहे?

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने देशाबाहेर पडलेली व्यक्ती १९५१ च्या करारानुसार निर्वासित ठरते. भारताने तो करार आणि १९६७ चा त्याचा पूरक करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे येथील शिक्षण बरेचसे न्यायालयीन निवाड्यांच्या आणि प्रशासकीय आदेशांच्या आधारे चालते. धरणामुळे उठवले गेलेले लोक मात्र देशातच राहत असल्याने या व्याख्येत येत नाहीत. कोयना धरणग्रस्तांची पाहणी इरावती कर्वे यांनी साठच्या दशकात केली होती. विस्थापनाचा अभ्यास मराठी माणसाने कुठून सुरू करावा असे कोणी विचारले, तर मी याच कामाकडे बोट दाखवीन.

प्रबंधासाठी महाराष्ट्राशी संबंधित असे कोणते विषय निवडता येतील?

ऊसतोडीवर बरेच काम झाले आहे, अजूनही करण्यासारखे आहे, पण त्यापलीकडेही पाहावे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेले गलाई व्यावसायिक हा एक विलक्षण विषय आहे : दुष्काळी तालुका, एकच कौशल्य आणि नात्यागोत्यातून उभे राहिलेले जाळे. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना मिळणारे पोर्तुगीज नागरिकत्व आणि त्यावरून ब्रिटनपर्यंत गेलेली कुटुंबे, हा दुसरा. बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे, इस्रायलमधील मराठी, हा तिसरा.

इतिहासाची आवड असेल तर मॉरिशस आहे. तेथे करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी उतरली आणि पुढच्या दशकांत कोकणातूनही माणसे गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. नाव, वय, उंची, जात, गाव, बोटीचे नाव आणि पुढच्या काळातल्या नोंदींसोबत छायाचित्रही. मराठी गावांची नावे परकी लेखनिकाने ऐकून लिहिलेली असल्याने ती ओळखायला मराठी वाचकच लागतो.

क्षेत्रकार्यात काय सांभाळावे?

मुकादमाच्या ओळखीने टोळीत शिरणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत धोक्याचे. तो शेजारी उभा असताना उचलीबद्दल मिळालेले उत्तर हे त्याच्यासाठी दिलेले उत्तर असते. संमतीपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी, अंगठा देऊन पूर्वी काय काय गमावले आहे हे समोरच्याला आठवत असते, याचे भान ठेवावे. विद्यापीठाची नीतिसमिती परवानगी देणार असेल तर तोंडी संमती घ्यावी. मुलाखतीची वेळ बाईच्या सोयीने ठरवावी. पहाटे तोडीला जाऊन संध्याकाळी परतलेल्या आणि स्वयंपाक उरकायचा असलेल्या बाईला दोन तास बसवून ठेवणे हे संशोधन नव्हे.

नोकरी कोठे मिळते?

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना येथे जागा कमी आणि स्पर्धा मोठी असते. त्यामानाने उदयपूरच्या आजीविका ब्युरोसारख्या स्थलांतरित कामगारांमध्ये काम करणाऱ्या संस्था, संशोधन संस्था, शासकीय प्रकल्प आणि पत्रकारिता येथे अधिक वाव आहे. प्राध्यापक व्हायचे असेल तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी : राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या विषयांत लोकसंख्या-अभ्यास आहे, समाजशास्त्र, भूगोल, समाजकार्य आहेत, स्थलांतर हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे मूळ विषयाचे बोट सोडू नये.

शिष्यवृत्ती?

परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फेलिक्स आणि इरास्मुस मुंडुस या परदेशी शिष्यवृत्त्यांचे अर्ज वेगळे करावे लागतात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन वगळले. स्थलांतराच्या विद्यार्थ्याला हा फटका थेट बसतो, म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीची सूचना शब्दशः वाचावी.

अर्जासोबतच्या निवेदनात काय लिहावे, आणि तयारी कधी सुरू करावी?

‘मानव हा आदिकाळापासून भटका आहे’ असे वाक्य पहिल्या ओळीत लिहू नये. निवड करणाऱ्यांनी ते शेकडो वेळा वाचलेले असते. आजोबा गिरणीत होते, तर ते कोणत्या साली, कोणाबरोबर, कोणत्या चाळीत उतरले आणि संपानंतर कुठे गेले, एवढे लिहून त्यातून उठणारा प्रश्न मांडावा. परदेशी विद्यापीठांच्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. शिफारसपत्र देणाऱ्या अध्यापकांना दिवाळीच्या सुट्टीआधी भेटावे. सुट्टीनंतर विद्यापीठीय परीक्षा सुरू होतात आणि मग त्यांना गाठणे अवघड जाते.